वाचकांचे प्रश्न : मोटरहोमचा फ्रीज गॅसवर चालेना

उन्हाळी सुट्ट्या जवळ आल्या की परदेशातल्या मोटरहोमवाल्या वाचकांची पत्रं वाढतात आणि त्यांत फ्रीजची तक्रार हमखास असते. गाडी निघायच्या आदल्या रात्री दूध, दही, मॅरिनेट केलेलं चिकन भरून ठेवायचं आणि पहिल्याच मुक्कामाला सगळं कोमट निघायचं, ही बहुतेक पत्रांतली कथा. हे फ्रीज कॅम्पसाइटच्या 230 व्होल्ट विजेवर, गाडी चालू असताना 12 व्होल्टवर आणि एरवी गॅसवर चालतात. गॅसवर चालताना अडणाऱ्या फ्रीजच्या चार पत्रांची उत्तरं इथे देत आहोत. पाचवं पत्र पुण्याहून आलंय, तेही याच विषयाला धरून आहे.

प्रश्न : आमची मोटरहोम 2006 सालची, सेकंडहँड घेतलेली आहे. कॅम्पसाइटवर वीज जोडली की फ्रीज छान गार होतो. गॅसवर नॉब दाबून ठिणगी दिली की ज्योत पेटते, पण नॉब सोडला की लगेच विझते. एका दुकानात दाखवलं तर नवा फ्रीज घ्या म्हणाले. खरंच बदलावा लागेल का? – लेस्टर, इंग्लंड

उत्तर : बदलू नका. विजेवर फ्रीज गार होतोय, म्हणजे त्याची गार करणारी यंत्रणा शाबूत आहे. हे फ्रीज बॉयलर तापवूनच गार होतात (कसं, ते चौथ्या उत्तरात सांगितलंय). वीज असो वा गॅस, तापवायचा असतो तो एकच बॉयलर. बदलते ती फक्त उष्णता देणारी बाजू. तुमचा बिघाड बर्नर, थर्मोकपल आणि गॅसच्या व्हॉल्व्हच्या हातभर जागेत आहे आणि तिथला सर्वांत महाग भागसुद्धा नव्या फ्रीजच्या किमतीच्या जवळपास जात नाही.

आधी पेटवण्याची पद्धत तपासा. सिलिंडर उघडा. स्वयंपाकघराच्या कपाटात किंवा खालच्या कप्प्यात फ्रीजचा वेगळा बंद-चालूचा व्हॉल्व्ह असतो, तोही उघडा. मग शेगडीचा एक बर्नर मिनिटभर जाळा. ज्योत मोठी आणि निळी असेल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर ठीक आहेत, आणि नळीत अडकलेली हवाही निघून जाते. सिलिंडर नुकता बदलला असेल तर ही हवाच बऱ्याचदा दगा देते. आता फ्रीजची वीज-बॅटरी-गॅस निवडायची कळ गॅसवर आणि थर्मोस्टॅट सर्वांत वरच्या आकड्यावर ठेवा, नॉब पूर्ण आत दाबा आणि ठिणगी द्या. ज्योत पेटल्यावर नॉब किमान 15 सेकंद दाबूनच ठेवा. पहिल्या वेळी 30 सेकंद धरलात तरी चालेल. पाच सेकंदांत सोडणारे लोक फार आहेत आणि मग फ्रीज बिघडला म्हणतात. ज्योत दिसते कुठे? जुन्या मॉडेलांत फ्रीजच्या आत खालच्या कोपऱ्यात छोटी काच असते. नंतरच्यांत पुढच्या पट्टीवर एक काटा असतो, तो हिरव्या भागात सरकला की ज्योत धरली.

इतकं करूनही विझत असेल तर संशय थर्मोकपलवर घ्या. हे तांब्याच्या बारीक नळीसारखं दिसतं. त्याचं टोक ज्योतीत असतं आणि दुसरं टोक गॅसच्या व्हॉल्व्हमध्ये बसवलेलं असतं. टोक तापलं की त्यातून अगदी थोडी वीज तयार होते आणि तेवढ्यावर व्हॉल्व्हमधलं चुंबक गॅसची वाट उघडी धरून ठेवतं. ज्योत विझली, टोक गार झालं, की चुंबक सोडतं आणि गॅस बंद होतो. तुमच्या सुरक्षेची ही व्यवस्था आहे, म्हणून तिला बगल देऊन ज्योत चालू ठेवण्याची कुठलीही युक्ती करू नका.

थर्मोकपलमध्ये बिघडतं ते साधारण तीन ठिकाणी. टोकावर काजळीचा थर चढतो. टोक वाकून ज्योतीच्या बाहेर जातं. किंवा व्हॉल्व्हकडचा सांधा सैल पडतो, त्यावर हिरवट थर येतो. गॅस बंद करून, सगळं गार झाल्यावर बाहेरच्या बाजूची खालची जाळी काढा. टोक कपड्याने पुसा. सांधा उघडून त्याचं टोक कोरड्या कापडाने स्वच्छ करा आणि परत बसवताना बोटांनी घट्ट, वर पान्याने फक्त पाव फेरा द्या. जास्त आवळलात तर आतलं चकतीसारखं इन्सुलेशन चेपतं आणि नवीन थर्मोकपलही निकामी होतं. एक लक्षात घ्या, सोडवायची ती थर्मोकपलची छोटी नट. तिच्यामागची मोठी नट चुंबकाच्या भागाची असते आणि ती गॅस अडवते. तिला हात लावू नका.

मल्टिमीटर असेल तर खात्री करता येते. एकाने नॉब दाबून ज्योत चालू ठेवायची, दुसऱ्याने व्हॉल्व्हकडून सोडवलेल्या टोकाला आणि तांब्याच्या नळीला मीटरची दोन टोकं लावायची. मिनिटभर तापल्यावर सुदृढ थर्मोकपल साधारण 20 ते 30 मिलीव्होल्ट दाखवतं. 10 च्या आत अडकलं तर बदला. आकडा चांगला आणि तरी ज्योत विझते, तर दोष व्हॉल्व्हच्या चुंबकात. तो भाग गॅसच्या जाणकाराकडूनच बदलून घ्या. थर्मोकपल मागवताना फ्रीजच्या आतल्या पट्टीवरचा मॉडेल आणि प्रॉडक्ट नंबर द्या, फक्त कंपनीचं नाव सांगून चालत नाही. दिसायला सारखी असली तरी लांबी आणि टोकाची जोडणी वेगळी असते.

थर्मोकपल ठीक असूनही ज्योत लहान, पिवळी किंवा थरथरती दिसली तर बर्नर पाहा. वर उभी चिमणी असते, तिच्या आत गंज धरतो आणि खडबडीत रस्त्यावर त्याचे पापुद्रे झडून थेट बर्नरवर पडतात. बर्नरच्या खाचेत नखाएवढा तांबूस-तपकिरी पापुद्रा आडवा पडला तरी ज्योत अर्धी होते. जुन्या दात घासायच्या ब्रशने खाचा झाडा आणि व्हॅक्यूम क्लीनरच्या बारीक तोंडाने कण ओढून घ्या. चिमणीत एका तारेला टांगलेली पिळाची पट्टी असते. ती वरून उचलून काढायची, चिमणी लांब ब्रशने घासायची, पण त्याआधी बर्नरवर फडकं टाका, नाहीतर झाडलेली घाण तिथेच पडेल. पिळाची पट्टी त्याच उंचीवर परत टांगा, ती नसेल तर उष्णता वर निघून जाते.

आता जेट. गॅस ज्यातून येतो ते भोक मिलिमीटरच्या काही दशांशांचं असतं. आपल्याकडच्या घरात स्टोव्हला पिन मारायची सवय होती, ती इथे चालत नाही. पिनने भोक किंचित मोठं झालं तरी ज्योत काजळी धरू लागते, आणि त्या काजळीने चिमणी भरली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. जेट काढून काही तास आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये बुडवायचं, मग हवेच्या झोताने फुंकायचं आणि उजेडाकडे धरून पाहायचं. भोक गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. कोळ्याचं जाळं किंवा सिलिंडरमधला तेलकट अंश असेल तर तो अशाने विरघळतो. नाहीच निघाला तर नवं घ्या, ते स्वस्त असतं. जेट काढल्याने गॅसचा सांधा उघडतो, म्हणून हे काम इंग्लंडमध्ये गॅस सेफ नोंदणी असलेल्या आणि एलपीजी तसेच मोटरहोम-कॅरव्हॅनचं काम येणाऱ्या माणसाकडून करून घ्यावं, असा आमचा आग्रह आहे. नोंदणी असली तरी त्याच्या कार्डवर एलपीजी आहे का ते विचारून घ्या, कारण पुष्कळ गॅसवाले फक्त घरातल्या पाइप गॅसचेच असतात.

कोणताही सांधा उघडला असेल तर गळती साबणाच्या फेसाने तपासायची, काडीने कधीच नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साठतो. मोटरहोमच्या तळाला त्यासाठीच भोकं ठेवलेली असतात, थंडी लागते म्हणून त्यांवर पायपुसणं ठेवू नये.

प्रश्न : आमचा फ्रीज स्वतःच वीज, बॅटरी किंवा गॅस निवडतो. गाडी थांबवली की गॅसवर जायला हवा, पण कित्येक मिनिटं काहीच होत नाही. ठिणगीचा टकटक आवाजही येत नाही. – उट्रेख्ट, नेदरलँड्स

उत्तर : 15 मिनिटं थांबा. स्वयंचलित निवड करणाऱ्या बऱ्याच फ्रीजमध्ये इंजिन बंद झाल्यावर मुद्दाम इतका वेळ थांबवलं जातं, कारण तुम्ही पेट्रोल पंपावर उभे असाल तर तिथे ज्योत पेटू नये. हा दोष नाही, उपकार आहे. घाई असेल आणि तुम्ही पंपापासून दूर असाल तर निवड हाताने गॅसवर करा.

15 मिनिटांनंतरही ठिणगी नसेल तर मुक्कामाच्या बॅटरीचं (इंजिनच्या नव्हे, आतल्या उपकरणांना वीज देणाऱ्या) व्होल्टेज मोजा. या फ्रीजला गॅसवर चालतानाही नियंत्रण-पट्टीसाठी 12 व्होल्ट लागतात, आणि बॅटरी थकलेली किंवा सांधा गंजलेला असेल तर पट्टी बंद पडते. ठिणगी येते पण ज्योत धरत नाही, असं काही वेळा झालं की फ्रीज स्वतःला कुलूप लावतो आणि दिवा लुकलुकतो. पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा, मगच तो नवा प्रयत्न करेल. ठिणगी देणाऱ्या तारेचं पांढरं चिनी मातीचं आवरण तडकलेलं असलं तर ठिणगी बर्नरऐवजी चौकटीकडे उडी मारते. अंधारात पाहिल्यास ती लगेच दिसते. इलेक्ट्रोड आणि बर्नर यांत साधारण 3 ते 5 मिलिमीटर अंतर असावं.

प्रश्न : ऑगस्टमध्ये आल्प्समध्ये फुर्का खिंडीजवळ मुक्काम केला. तिथे फ्रीज गॅसवर पेटेना, खाली आल्यावर पेटला. तसंच नोव्हेंबरात पहाटे घरासमोर उभी असतानाही पेटला नाही. दोन्हीचं कारण एकच आहे का? – म्युनिक, जर्मनी

उत्तर : नाही, दोन वेगळी कारणं आहेत. फुर्का खिंड 2,429 मीटर उंच आहे. तिथली हवा विरळ, त्यामुळे जेटमधून येणाऱ्या गॅसला ऑक्सिजन कमी पडतो आणि मिश्रण बिघडतं. फ्रीजच्या माहितीपुस्तिकांत साधारण 1,000 मीटरच्या वर पेटायला त्रास होऊ शकतो, असं लिहिलेलं असतं, आणि तो बिघाड धरला जात नाही. वर जाण्याआधी फ्रीज विजेवर चांगला गार करून घ्या, घाट चढताना 12 व्होल्टवर ठेवा, मुक्काम 1,500 मीटरच्या खाली ठेवता आला तर फारच बरं. जेटशी छेडछाड मात्र नको.

नोव्हेंबरच्या पहाटेचं कारण सिलिंडर. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपासच द्रवाचा वायू होणं थांबवतं, प्रोपेनचा हा बिंदू उणे 42 आहे. सिलिंडर जड लागतो, हलवला तर आत द्रव डुचमळतो, आणि तरी गॅस येत नाही, तेव्हा ब्यूटेन धरा. हिवाळ्यात प्रोपेन वापरा.

जर्मनीहून लिहिलंय म्हणून आणखी एक गोष्ट. तिथल्या जुन्या मोटरहोममधली उपकरणं 50 मिलीबारच्या दाबासाठी होती, हल्लीची युरोपीय मानकं 30 मिलीबारची आहेत. 50 चा फ्रीज असलेल्या गाडीला कुणी 30 चा रेग्युलेटर बसवला असेल, तर शेगडीची ज्योत बारीक, फ्रीज कधी पेटतो कधी नाही, असं लक्षण दिसतं. उलट 30 च्या फ्रीजला 50 दिलेत तर काजळी आणि धोका. फ्रीजच्या आतल्या पट्टीवर दाबाचा आकडा असतो, रेग्युलेटरवरही असतो. दोन्ही जुळले पाहिजेत. तुमच्याकडे दर 2 वर्षांनी होणारी जी 607 ही गॅस-तपासणी याच गोष्टी बघते, आणि रेग्युलेटर व नळ्या 10 वर्षांनी बदलायच्या हा नियम पाळा. काही रेग्युलेटरांत धक्का बसला की गॅस तोडणारं उपकरण असतं. खड्ड्यात गाडी जोरात आपटली तर ते सुटतं आणि सगळी उपकरणं एकदम मरतात. त्यावरचं बटण दाबलं की ते परत बसतं. काही नळ्यांवर फुटण्यापासून बचावाचं बटण असतं, सिलिंडर बदलल्यावर तेही दाबावं लागतं. मोठा बिघाड समजून शंभर युरोचं बिल भरणाऱ्यांच्या बाबतीत बऱ्याचदा हे बटणच निघतं.

प्रश्न : ज्योत निळी आणि स्थिर आहे, रात्रभर जळते, पण सकाळी फ्रीज 15 अंशांवर. विजेवरही आता फारसा गार होत नाही. आणि मागे पिवळी पावडर दिसतेय. – पर्थ, ऑस्ट्रेलिया

उत्तर : पिवळी पावडर पाहूनच आम्हाला वाईट वाटलं. आधी ती हाताने पुसू नका.

या फ्रीजमध्ये कंप्रेसर नसतो, हलणारा एकही भाग नसतो. 1922 मध्ये स्टॉकहोमच्या बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी ही रचना शोधली आणि इलेक्ट्रोलक्सने ती बाजारात आणली. बंद नळ्यांत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन भरलेला असतो. बॉयलर तापला की पाण्यातला अमोनिया उकळून बाहेर पडतो, वर जाऊन थंड होऊन द्रव होतो, आतल्या भागात हायड्रोजनच्या सोबतीने उडून जाताना फ्रीजमधली उष्णता घेतो, आणि पुन्हा पाण्यात विरघळतो. सगळं फिरतं ते फक्त उष्णता आणि गुरुत्वाकर्षण यांवर. म्हणून गाडी तिरकी असली की द्रव अडकतो आणि गार होणं थांबतं. मर्यादा साधारण 3 अंशांची समजा. अशा तिरक्या अवस्थेत बरेच दिवस चालवलं तर बॉयलर फाजील तापतो आणि गंज रोखण्यासाठी घातलेलं सोडियम क्रोमेट आत जमून नळ्या बुजवतं. नळी कुठे फुटली तर तेच सोडियम क्रोमेट पिवळ्या पावडरीच्या रूपाने बाहेर येतं, सोबत अमोनियाचा नाकाला झोंबणारा वास. क्रोमेट विषारी आणि कर्करोगकारक आहे. हातमोजे घालून, ओल्या फडक्याने आणि शक्यतो जाणकाराकडूनच ते साफ करून घ्या.

तुमच्या बाबतीत विजेवरही गार होत नाही आणि पिवळा डाग आहे, म्हणजे गार करणारा भाग संपला. तो दुरुस्त होत नाही, बदलता येतो. जुन्या फ्रीजला नवा भाग बसवण्याचा खर्च आणि पूर्ण नवा फ्रीज यांची किंमत दोन्ही मागवा. हे सांगताना जड जातं, पण तुम्ही एकेक थर्मोकपल बदलत बसाल तर पैसे वाया जातील.

डाग नसता तर मात्र आम्ही वाऱ्याची वाट तपासायला सांगितलं असतं. मागे खालून गार हवा यायला हवी, वरून गरम निघायला हवी. उन्हाळ्यात हिवाळी झाकणं जाळीवर राहिली असतील, किंवा वरच्या जाळीमागे उष्णता कोंडत असेल, तर पर्थच्या 40 अंशांत कुठलाही फ्रीज हात टेकतो. वरच्या जाळीमागे 12 व्होल्टचा छोटा पंखा बसवला तर फरक जाणवतो. तसंच फ्रीज निघायच्या 12 तास आधी चालू करायचा, गरम डबे आत घालायचे नाहीत. गॅसवर चालू केल्यावर तासाभरात बर्फाच्या कप्प्याला हात लावून गारवा लागला पाहिजे, तो लागला तर यंत्रणा जिवंत आहे.

प्रश्न : जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरची कॅम्पर करतोय. बाहेरून गॅस-वीज-बॅटरीवर चालणारा फ्रीज मागवून घरगुती सिलिंडरला जोडला तर चालेल का? दाब सारखाच आहे असं वाचलं. – पुणे

उत्तर : दाब जवळजवळ सारखा आहे हे खरं. आपल्या घरगुती रेग्युलेटरचा दाब पाण्याच्या 300 मिलिमीटर स्तंभाएवढा, म्हणजे 30 मिलीबारच्या आसपासच असतो. पण तेवढ्याने भागत नाही. घरातला 14.2 किलोचा सिलिंडर गाडीत बसवण्यासाठी नाही. गाडीतल्या सिलिंडरला बंद, बाहेर उघडणारा कप्पा, पक्की पकड आणि तळाला हवेची भोकं लागतात, फ्रीजला धूर बाहेर काढणारी चिमणी लागते. फ्रीजच्या जाळ्यांसाठी गाडीच्या पत्र्यात दोन मोठे कापही द्यावे लागतात.

दुसरं म्हणजे उष्णता. या फ्रीजच्या वर्गवारीत टी हा सर्वांत गरम हवामानाचा वर्ग 43 अंशांपर्यंतच आहे. मे महिन्यात विदर्भात पारा 45 वर जातो आणि उभ्या गाडीच्या पत्र्यामागे तो आणखी वर. तिथे गॅसचा फ्रीज दिवसभर जळेल आणि तरी ताक गार होणार नाही. तुम्ही सौर पॅनेल आणि लिथियम बॅटरी लावणार असाल तर 12 व्होल्टचा कंप्रेसर फ्रीज घ्या. तो तिरकेपणाची पर्वा करत नाही, उन्हात तग धरतो, आणि गॅसचा प्रश्नच उरत नाही. गॅस फक्त शेगडीपुरता ठेवा आणि तोही छोट्या सिलिंडरवर, बाहेर उघडणाऱ्या कप्प्यात.

एक सूचना वरच्या सगळ्यांसाठी. फ्रीज गॅसवर रोज साधारण 300 ते 400 ग्रॅम गॅस घेतो, म्हणजे 6 किलोचा सिलिंडर फक्त फ्रीजला दोन आठवड्यांहून थोडा अधिक पुरतो. सिलिंडरवर भरल्याची तारीख खडूने लिहून ठेवली तर गॅस संपला की फ्रीज बिघडला, हे शोधायला जाळी उघडावी लागत नाही. गाडी फेरीबोटीवर चढवताना सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करायला विसरू नका, आणि पलीकडे उतरल्यावर तो परत उघडायलाही.